सत्तावीस पहिली कामे

कोणते काम आधी आणि कोणते मागून, हे ठरवण्यात आमच्या साडूंइतके आयुष्य खर्च केलेला दुसरा माणूस चांद्याच्या परकोटाच्या आत झाला नाही, आणि परकोटाबाहेर जंगलच जंगल असल्यामुळे तिकडे होण्याचा संभवही कमी. हा प्रश्न तुम्हाआम्हाला दिवसातून दोन-तीनदा पडत असेल. साडूंना तो सकाळी डोळे उघडताच पडायचा आणि सुटेपर्यंत ते अंथरुणावर मांडी घालून बसायचे. आधी तोंड धुवावे की आधी चूल पेटली का ते पाहावे? तोंड धुतले आणि चूल पेटलेली नसली, तर धुतल्याचा उपयोग काय? चूल पाहायला गेले, तर आमच्या आकडसासूबाई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची पत्नी, हातात फुंकणी देणार. असा दोन्ही बाजूंनी विचार होईपर्यंत चहा होऊन, निवून, दुसऱ्यांदा गरम झालेला असायचा. मी लाकडाच्या टालावर मोजणीचा मुन्शी आहे. सागाच्या नगाची लांबी आणि गोलाई मोजायची, घनफूट काढायचे आणि वहीत मांडायचे, हे मी बावीस वर्षे करतो आहे. पाव इंच इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नाही. तेव्हा या लिखाणात जिथे आकडा आहे तिथे तो मोजलेला आहे. जे वाढवून सांगितल्यासारखे वाटेल ते साडूंनीच वाढवलेले होते. मी फक्त उतरवून घेतले.

साडूंचे जटपुऱ्याच्या वेशीअलीकडे सायकली भाड्याने देण्याचे दुकान होते. सायकली सात. त्यांना गुणांप्रमाणे एक ते सात असे नंबर दिलेले होते आणि गिऱ्हाईक आले की सातव्या नंबरची सायकल पुढे करण्यात येई, कारण चांगली वस्तू आधी झिजवणे साडूंना पटत नसे. एक नंबरची सायकल कधी दुकानाबाहेर गेलीच नाही. तिच्या हँडलला कापड गुंडाळलेले असे, आणि चार वर्षांत तिचे दोन्ही टायर उभ्याउभ्याच तडकले. "सगळ्यात चांगली वस्तू सगळ्यात शेवटी वापरावं, साडूभाऊ," ते मला म्हणाले, "म्हणजे शेवटपर्यंत आशा राह्यते." सातव्या नंबरवरून पडलेले गिऱ्हाईक त्या वेळी समोरच्या बाकावर गुडघ्याला हळद लावत बसले होते, त्याने आशेबद्दल मत दिले नाही. एकदा आम्ही दोन्ही घरची माणसे बल्लारशाला लग्नाला निघालो. साडूंनी न्यायच्या गोष्टींची यादी केली आणि जे विसरून चालणार नाही ते शेवटी लिहायचे, म्हणजे डोळ्यांपुढे राहते, या नियमाने स्वतःच्या बायकोचे नाव सगळ्यांत खाली घातले. स्टेशनावर टांग्यातून उतरून यादी ताडून पाहिली, तेव्हा शेवटचा जिन्नस मागचे दार लावायला गेला होता तो घरीच राहिला होता. त्यानंतर कुठे जायचे असले की आकडसासूबाई सगळ्यांच्या पुढे, दहा पावलांवर चालत.

क्रम लावण्याखालोखाल त्यांचा दुसरा नाद तालमीचा. तरुणपणी तीन हिवाळे ते वडशाला जाऊन झाडीपट्टीच्या नाटकांत उभे राहिले होते. भूमिका प्रधानाची. राजा रागावला की दोन पावले मागे सरायचे, उपरणे खांद्यावरून पाठीमागे टाकायचे आणि "महाराज, विचार व्हावा" असे म्हणायचे, एवढेच काम. पण ती दोन पावले आणि ते उपरणे त्यांना जन्मभर पुरले. भाजीवालीशी घासाघीस करतानाही ते दोन पावले मागे सरत, आणि मागे नाली असली तर आम्ही त्यांना धरत असू. नाटकात तालीम करतात मग संसारात का नाही, असे त्यांचे म्हणणे होते. थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हणून त्यांनी चार तालमी घेतल्या. पाहुणा मी. मुलगी इतकी पक्की झाली की खरे पाहुणे येऊन पाटावर टेकतात न टेकतात तोच तिने नाव, शिक्षण, "हो, शिवण येते" आणि "नाही, चष्मा नाही" हे सगळे एका दमात सांगून टाकले आणि चहा आणायला आत गेली. पाहुण्यांना विचारायला काही उरले नाही. लग्न जमले, पण ते दुसऱ्या पाहुण्यांशी.

असा माणूस म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा वॉर्डात खळबळ उडाली असे मी म्हणणार नाही. लोक हसले, आणि मग त्यांनी आपापली कामे सांगितली. साडूंचे मूळ काम एकच होते: दुकानासमोरची नाली पावसात तुंबते आणि सायकली पाण्यात उभ्या राहतात, ती उपसली जावी. पहिल्या सभेत त्यांनी तेच पहिले काम म्हणून जाहीर केले. कोष्ट्यांच्या गल्लीतून आवाज आला, "आमच्याकडं दिवा नाई, आम्ही कोणत्या नंबरवर?" साडू दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "दिवा बी पह्यला." तिथून सगळे बिघडले. दुसऱ्या सभेत मोकाट डुकरे पहिली आली. मग छपरांवरचे कवेलू फोडणारी माकडे. मग देवीच्या यात्रेकरूंसाठी झरपट नदीवर जायचा रस्ता, मग लाकडाच्या गाड्यांच्या आसांना तेल घालण्याची सक्ती, मग वाचनालय, मग दोन्ही बाजूंना सारखी वेळ दाखवणारे घड्याळ, मग एक रंगमंदिर. रंगमंदिर कोणी मागितले नव्हते. पिवळ्या कागदावर जाहीरनामा छापून आला तेव्हा त्यात सत्तावीस कामे होती आणि प्रत्येकापुढे एकचा आकडा होता. मी म्हणालो, "साडूभाऊ, मी वाचून पाहिलं. सावकाश वाचायला साडेसहा मिनिटं लागतात. सभेत एका मेंबराला इतकं बोलूच देत नाहीत." ते म्हणाले, "मग काय करू? कोष्ट्यायले सांगू, का तुम्ही दुसरे? एकदा दुसरं म्हटलं का माणूस दुसऱ्याचा होते." हे मात्र त्यांचे बरोबर होते. विरुद्ध उमेदवार भाताच्या गिरणीचा मालक होता. त्याच्या जाहीरनाम्यात एकही काम नव्हते, त्यामुळे वॉर्डात त्याच्यावर कोणाचा रागही नव्हता. आणखी दोघे उभे होते, पण ते आपल्या भाऊबंदांवर रागावून उभे राहिले होते.

त्या वेळची मत देण्याची रीत सांगायला हवी. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याच्या निशाणीचे चित्र चिकटवलेले असे. मतदाराच्या हातात छापील कागद द्यायचे. तो पडद्याआड जायचा आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. साडूंची निशाणी शिडी. लोक गोंधळतील, दुसऱ्याच्याच पेटीत टाकतील, ही धास्ती त्यांना होती, आणि धास्तीवर त्यांना एकच औषध ठाऊक होते. त्यांनी आपल्या ओसरीवर रॉकेलचा रिकामा डबा मांडला, त्याच्या झाकणाला चीर पाडली, त्यावर शिडी रंगवली, पुढे आकडसासूबाईंची चादर टांगली आणि मतदानाच्या तालमी सुरू केल्या. मी टेबलाशी बसून जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे वाटायचे. शेजारचे कल्हईवाले चाचा पोलीस व्हायचे. लोकांनी तुकडा घ्यायचा, चादरीआड जायचे, शिडीच्या डब्यात टाकायचा आणि बाहेर येताना पसाभर फुटाणे घ्यायचे. फुटाणे पुरवणारी बाई साडूंच्याच गल्लीतली, अक्षरशत्रू, पण प्रत्येक तालमीला पहिली हजर. तीन आठवड्यांत सात तालमी झाल्या. शेवटच्या तालमीला शहात्तर माणसे होती आणि एकाचीही चूक झाली नाही. साडूंचे डोळे भरून आले. "आता शाळेत का जंगलात पेट्या ठेवल्या तरी हे लोक चुकत नाईत," ते म्हणाले.

मतदान शाळेत होते आणि त्यांचा प्रतिनिधी म्हणून आत मी बसलो होतो. कोण आले, कोण गेले, याच्या खुणा मी करत होतो, आणि माझ्या अंदाजाने गिरणीवाले आणि आम्ही अगदी बरोबरीने चाललो होतो. वीस-तीस मतांवर निकाल लागणार होता. तीनला दुसऱ्याला बसवून मी साडूंच्या घरी जेवायला गेलो. आकडसासूबाई ओसरीवर डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"या बापा, जेवाले बसा," त्या म्हणाल्या. "मले तर सकाळपासून उठू देल्लं नाई लोकायनं. एक जाते का दुसरा येते."

"कशाला?"

"डब्यात कागद टाकाले. मी म्हटलं, आज तालीम नाई. तर म्हणते, नाई बाई, आज खरी हाये ना."

मी ताट तसेच ठेवले आणि डब्याचे झाकण काढले. आत फिकट गुलाबी, छापील, मागे शिक्का असलेले कागद होते. तुकडे नव्हते, मतपत्रिका होत्या. मी दोनदा मोजल्या. चाळीस. तेवढ्यात फुटाणेवाली बाई पायरी चढून आली, तिने पदराची गाठ सोडली आणि एक कागद माझ्यापुढे धरला.

"घ्या मुन्शीजी. तिकडं शाळेत तर चार पेट्या. आत अंधार. कोणती कोणाची समजत नाई, आन् मागून कोणी काढून घेतलं तर? म्हटलं, भाऊच्या घरीच नेऊन द्यावं."

"पोलिसानं अडवलं नाही?"

"इचारलं ना त्यानं, टाकलं का म्हणून. मी म्हटलं, टाकालेच जाऊन राह्यली."

एकेचाळीस. साडू साडेतीनला आले, त्यांच्यामागून चाचा आले. मी कागद दाखवले. साडू दोन पावले मागे सरले, पण उपरणे टाकायला हात काही वर गेला नाही. चाचांनी आधी बाईला फुटाण्यांच्या पैशांचे निमित्त करून बाहेर नेले आणि परत येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, पाँच बजने को अभी टाईम है. किसी के हाथ से अंदर भेज दो. लोगों ने वोट तुमकोच दिया है ना? चोरी थोडी है."

आकडसासूबाई पदर खोचून उठल्या. "मी अजून गेली नाई मत टाकाले. द्या माह्याजवळ. पदराखाली घेऊन जाईन, कोणाच्या बापाले दिसत नाई."

मग तिघांनी माझ्याकडे पाहिले, कारण नियमांचे पत्रक मी वाचलेले होते. एक कागद जरी जास्त आत नेला तरी तो गुन्हा आहे, हे मला पाठ होते आणि ते सांगायला मला चार शब्द लागले असते. मी म्हणालो, "एकेचाळीस आहेत." तेवढेच म्हणालो. त्याबद्दल मला आजही बरे वाटत नाही.

साडू पाटावर बसले आणि त्यांनी खिशातून वही काढली. आधी मेंबर व्हावे, का आधी खरे राहावे, या दोन गोष्टी त्यांनी एकाखाली एक लिहिल्या. मग खोडून उलट्या लिहिल्या. "मेंबर झालो तर सत्तावीस कामं होते," ते म्हणाले, "नाई झालो तर एक बी होत नाई. म्हणजे खोटं एक आन् खरं सत्तावीस."

"मग द्या ना इकडं," आकडसासूबाई म्हणाल्या.

"थांब वो. खोट्यापासून सुरू झालेले सत्तावीस मागून खरे राह्यतीन का, हा अठ्ठाविसावा सवाल झाला." त्यांनी तोही लिहिला. त्याचा क्रम लागेना. चाचांनी दोन बिड्या ओढल्या. आकडसासूबाई तीनदा उठल्या, तीनदा बसल्या. माझे ताट झाकून ठेवले होते ते तसेच राहिले. पाचला दहा कमी असताना साडूंनी वही मिटली, डबा उचलून छातीशी धरला आणि शाळेकडे चालू लागले. आकडसासूबाई नेहमीप्रमाणे दहा पावले पुढे होत्या, फक्त त्या दिवशी त्या मागे वळून वळून पाहत होत्या. त्यांनी आपले एक मत टाकले. साडू टेबलाशी गेले, डबा मतदान घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवला आणि म्हणाले, "हे तुमचे कागद. लोकायनं चुकून माह्या घरी आणून देल्ले." साहेबांनी कागद मोजले, पुन्हा मोजले, साडूंकडे पाहिले आणि असे झाल्यावर कोणता फॉर्म भरायचा ते शोधण्यात पंधरा मिनिटे घालवली. तसा फॉर्म नव्हता. शेवटी कागद एका पाकिटात घालून लाखेने बंद केले. साडू एकोणीस मतांनी पडले.

त्यांनी त्या दुपारी ठरवून नाही म्हटले, की नेहमीच्या खोडीमुळे क्रम लावता लावता वेळ संपला, हे मला सांगता येणार नाही. मी एकदा विचारलेही. "मले काय मालूम," ते म्हणाले, "वही मिटली तवा पाचाले दहा कमी होते." खरे असावे. माणसाच्या हातून चांगले झाले की ते त्याने केले असेच आपण धरतो. मी आपला मोजणारा माणूस, जेवढे दिसले तेवढे लिहितो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसलो असता फुटाणेवाली बाई आली आणि तिने फुटाण्यांची पुडी काउंटरवर ठेवली. "झाले ना मेंबर? मिरवणूक तर गिरणीवाल्याची निघाली, पण त्याच्याजवळ पैसा हाये, तो कायचीही काढीन. मी तर माह्या हातानं तुमच्या घरी टाकलं. आता आमच्या विहिरीले कठडा बांधून द्या, भाऊ. मागच्या साली शेजारीणची पोरगी घागरीसंगं आत जाता जाता वाचली." साडूंनी तोंड उघडले. मला वाटले, आता सांगतील. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुडीकडे पाहिले आणि म्हणाले, "बांधतो ना बाई."

ती गेल्यावर मी म्हणालो, "साडूभाऊ, हे खोटं झालं."

"एकेचाळीस माणसं उन्हातानात चालत घरी आले आन् मले निवडून देऊन गेले. आता त्यायले सांगू का, तुमचं मत पाकिटात गेलं?"

"सांगायला पाहिजे."

"तर मग तुम्ही सांगा. मोजले बी तुम्हीच."

मी काही सांगायला गेलो नाही. साडूंनी टेबलाच्या खणातून पिवळा कागद काढला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवले, मग खालून वर फिरवले. सत्तावीस कामांत विहिरीचा कठडा नव्हता. घड्याळ होते, माकडे होती, रंगमंदिर होते. तो कागद त्यांनी सायकलीचे तेल पुसायला घेतला.

पुढची तीन वर्षे दर सोमवारी ते म्युनिसिपालटीच्या ओसरीवर जाऊन बसत. पहिल्या सोमवारी कारकुनाने विचारले, "तुम्ही कोण?" साडू उठले, दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "मी एकेचाळीस लोकायचा मेंबर." कारकून बराच वेळ हसला. विसाव्या सोमवारी तो हसेनासा झाला, आणि पुढे पुढे साडू दिसले की तो मागच्या दाराने चहाला जाऊ लागला. साडू मागच्या दारी जाऊन उभे राहू लागले. फुटाणेवाली सोडून बाकीच्या चाळिसांतल्या पुष्कळांना खरे काय ते कळले असणार. गिरणीवाल्याचे नाव सभेच्या प्रत्येक नोटिशीवर असे आणि सगळेच काही अक्षरशत्रू नव्हते. पण त्यांनी तसे कधी दाखवले नाही. कामे साडूंकडेच आणत आणि त्यांना मेंबरसाहेब म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती हे मोजायचे माप माझ्याकडे नाही. साडूंनी नवी यादी मात्र केली नाही. कोणी काही सांगितले की म्हणत, "आधी कठडा होऊ द्या."

तिसऱ्या उन्हाळ्यात कठडा झाला. गिरणीवाला त्या विहिरीकडे तीन वर्षांत फिरकला नव्हता, पण कठड्यात एक दगड बसवला होता आणि त्यावर त्याचे नाव होते, सन्माननीय सदस्य म्हणून, तीन बोटे उंचीच्या अक्षरांत. मी आणि साडू पाहायला गेलो. कठड्याची उंची मी मोजली. अडीच फुटाला अर्धा इंच कमी होती, पण काम पक्के होते. फुटाणेवाली बाई घागर घेऊन आली. तिने दगडावरून तळहात फिरवला, अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवले आणि मला विचारले, "यावर भाऊचंच नाव हाये ना, मुन्शीजी?"

साडू जरा दूर उभे होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. कोणीतरी पाहावे असे काही नसलेल्या एका भिंतीकडे पाहत होते. बावीस वर्षांत मी वहीत न मोजलेला आकडा लिहिलेला नाही.

"हो," मी म्हणालो, "त्यांचंच आहे."

"मग जरा मोठं लिवाले पाह्यजे होतं," ती म्हणाली, आणि घागर कठड्यावर टेकवून तिने दोर आत सोडला.